चांदबिबीच्या आईला जागा कुठे?

अहमदनगरचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. त्या बाजूनं आणि विरुद्ध जे काय बोलायचं ते लोक बोलून मोकळे झालेत, मला त्यात भर घालायची नाही. चोंडी याच जिल्ह्यात, अहिल्याबाईंचा जन्म तिथला, आणि राज्य चालवलेल्या बाईचं नाव जिल्ह्याला मिळालं ही मला तरी बरी गोष्ट वाटते. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. बाईच्या राज्यकारभाराचा मान म्हणून आपण शहराचं नाव बदलतो, तर याच शहरात बसून जिनं चार-पाच वर्षं अख्खी निजामशाही चालवली तिचं नाव नगरच्या बसस्टँडवर उभं राहून लोकांना विचारावं. सांगणारा माणूस सापडेल असं मला वाटत नाही. नगरच काय, पुण्या-मुंबईतल्या इतिहासाच्या शिक्षकांतही फार सापडणार नाहीत.

खुंजा हुमायून. हुसेन निजामशाहाची राणी. मुर्तझा आणि बुऱ्हाण हे तिचे दोन मुलगे पुढे निजामशहा झाले, आणि चांदबिबी ही तिची मुलगी. शेवटचं नातं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. आई आपल्याला लेकीमुळे कळते, आणि लेक कळते ती तलवारीमुळे. इथूनच माझी तक्रार सुरू होते.

आधी थोडा तपशील, कारण तो माहीत असल्याशिवाय या वादाला अर्थ नाही.

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचं एक फारसी हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीनं केलेलं हुसेन निजामशाहाचं हे स्तुतिकाव्य. फारसी पोवाडाच म्हणा ना. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या, म्हणजेच राक्षसतागडीच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी मिळून विजयनगरचा पाडाव केला. रामरायाला पकडून हुसेनसमोर आणलं आणि तिथंच त्याचं डोकं उडवलं. तो प्रसंग या हस्तलिखितात रंगवलेला आहे आणि तेच चित्र सगळीकडे छापलं जातं. दख्खनी चित्रकलेचे अगदी सुरुवातीचे जे नमुने आज हाती आहेत त्यांत या बारा चित्रांची गणना होते, त्यामुळे जगभरचे अभ्यासक या पोथीचं नाव घेत असतात.

पण पोथी उघडली की लढाई एवढाच तिचा विषय नाही हे लक्षात येतं. काव्याचा मोठा भाग राणीचा आहे. तिचं रूप, तिचं लग्न, राजा-राणीचा सहवास. दरबारी स्तुतिकाव्यात राणीला इतकी जागा सहसा कुणी देत नसे. पडद्यामागच्या बाईचं नाव घेणंसुद्धा जिथं अदबीला सोडून मानत, तिथं या कवीनं तिचं वर्णन केलं आणि चितारीनं तिला राजाच्या शेजारी बसवलं. याचं कारण बहुधा साधं आहे. विजयाला वर्षही झालं नव्हतं तोवर, १५६५ मध्येच, हुसेन वारला. मुर्तझा अल्पवयीन. म्हणजे पोथी तयार होत होती तेव्हा तिचा खर्च मंजूर करणारी व्यक्ती खुद्द राणीच असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे, आणि मला तो पटतो.

आता राजा-राणीचं ते चित्र पाहा. हुसेन सिंहासनावर बसलाय. भोवती सेवेला बायका उभ्या आहेत, लांब वेण्या, अंगावर रंगीत वस्त्रं, सगळ्या अगदी ठसठशीत. राजाच्या अंगालगत मात्र एक डाग आहे. पाण्यानं भिजून पडलेला किंवा वाळवीनं केलेला हा डाग नाही. कुणीतरी बसून, नेमकी तेवढीच जागा हेरून ती फासून टाकलीय. डागाला बसलेल्या माणसाचा आकार आहे. आणखी चित्रांतही हाच प्रकार: जिथं राणी होती तिथं आता रंगाचा लपका आहे.

हे काम एखाद्या पुढच्या काळातल्या सोवळ्या मालकाचं असेल, बाईचं उघडं रूप त्याला खपलं नसेल, असंही कुणी म्हणेल. पण मग त्या दासी कशा वाचल्या? चित्रं बायकांनी भरलेली आहेत आणि गेलीय ती एकटी राणी. डोळ्यांत खुपली ती बाईची जात नव्हती, ती ठरावीक बाई होती. एका चित्रात मात्र ती निसटली. बाईच्या स्पर्शानं झाड फुलतं हा आपला जुना दोहदाचा संकेत, अशोकाला लाथ आणि बकुळीवर मद्याची चूळ, तो या फारसी पोथीतही आलाय: एक स्त्री आणि तिच्या स्पर्शानं बहरलेलं झाड. पुसणाऱ्याला ती झाडाखालची कुणी नायिका वाटली असावी. संस्कृत काव्याची ओळख नसल्याचा असा फायदा राणीला झाला म्हणायचा.

पुसलं का, हे कळायला त्या चार-पाच वर्षांत काय झालं ते पाहावं लागतं.

हुसेन गेल्यावर खुंजा हुमायूननं कारभार हातात घेतला. नावापुरता नाही. त्या काळचा फारसी इतिहासकार फेरिश्ता लिहितो की ती रोज पडद्याआड दरबारात बसून राज्याची कामं पाही. मुल्ला इनायतुल्लाला तिनं पेशवा, म्हणजे मुख्य कारभारी केलं. ऐन-उल-मुल्क आणि ताजखान या आपल्या भावांना मोठ्या जहागिऱ्या आणि फौजेतले वरचे हुद्दे दिले. विजापूरचा अली आदिलशहा तालिकोटनंतर सगळा फायदा एकट्यानं उपटायला निघाला आणि विजयनगरच्या उरल्यासुरल्या मुलखावर चालून गेला. तेव्हा ही बाई मुलाला बरोबर घेऊन सरळ विजापूरवर निघाली. अलीला मोहीम सोडून परत फिरावं लागलं. आणि तालिकोटला कोण लढलं होतं? हाच अली, हुसेनच्या खांद्याला खांदा लावून. शिवाय तो तिचा जावई. चांदबिबी त्याला दिलेली, सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेलेला, आणि उलट अलीची बहीण मुर्तझाला केलेली. कालच्या दोस्ताला आज अडवलं नाही तर उद्या तो आपल्याच दारात येईल, हे गणित ज्याला कळतं त्याला राजकारण कळतं असं आपण पुरुषांच्या बाबतीत म्हणतो.

पुढे वऱ्हाडवर चाल झाली, तालिकोटला न आलेल्या तिथल्या सत्ताधारी तुफालखानाला धडा शिकवायला. तीत अली बरोबर होता आणि त्यानं मधेच अंग काढून घेतलं. मग विजापूरच्या किश्वरखानानं निजामशाहीच्या मुलखात घुसून आजच्या बीड जिल्ह्यात धारूरला किल्लाच बांधून काढला. ही काही साधी गोष्ट नव्हे. तुमच्या हद्दीत येऊन शत्रू दगडी तट उभारतो, ते एका रात्रीत होत नाही. त्याला महिनोन्‌महिने लागतात आणि तेवढे महिने तुमची फौज काही करू शकत नाही. राणीच्या कारभाराचं हे अपयश होतं. कुणी कितीही सफाई दिली तरी ते झाकणार नाही, आणि मला झाकायचंही नाही.

सरदार बिथरले. भावांना जहागिऱ्या आणि फौज उपाशी, ही त्यांची तक्रार. शाह जमालुद्दीन वगैरे मंडळींनी तरुण राजाला फितवलं. पहिला डाव राजामुळेच फसला. फेरिश्त्याची हकिगत अशी की ऐन वेळी आईनं सहज बोलावणं पाठवलं, कट फुटलाय असं समजून मुर्तझानं घाबरून तिलाच सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या वेळी मात्र, किश्वरखानावर चालून निघालेल्या छावणीतच, सगळे एक झाले. हबशीखान नावाचा सरदार राणीला धरायला आला. तिनं खंजीर उपसला. त्यानं हात असा पिरगाळला की खंजीर गळून पडला. तिथून कैद. राज्यकर्ती म्हणून तिचं नाव पुन्हा येत नाही.

त्यानंतर लगेच मुर्तझानं धारूर घेतला, किश्वरखान मारला गेला आणि किल्ल्याचं नाव फतेहाबाद ठेवलं. निकाल लागला. आईच्या वेळी गेलं ते पोरानं मिळवलं, म्हणजे आईला काढलं ते योग्यच होतं. त्या काळी असं म्हटलं गेलं असेल तर नवल नाही. नवल हे की साडेचारशे वर्षांनी आपणही तो निकाल तसाच पुढे सरकवतो.

कारण मुर्तझाचा पुढचा कारभार शेजारी ठेवून कुणी पाहत नाही. १५७० मध्ये त्यानं पोर्तुगीजांच्या चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, प्रचंड फौज घेऊन वेढा घातला. १५७१ मध्ये काही हाती न लागता परतला. वऱ्हाड जिंकलं खरं, १५७४ मध्ये, पण ती कर्तबगारी त्याच्या चंगीजखान या वजिराची. त्याच चंगीजखानाला मुर्तझानं एका चुगलखोराच्या सांगण्यावरून विष दिलं, आणि मग पश्चात्ताप करून वर्षानुवर्षं माणसांत येणं टाकलं. कारभार दुसरे पाहत, राजा कोंडून घेऊन बसे. दिवाणा म्हणूनच लोक त्याला ओळखू लागले. शेवटी १५८८ मध्ये खुद्द त्याच्या मुलानं, मिरान हुसेननं, त्याला हमामात कोंडून मारलं. पुढच्या वर्षी मिरान हुसेनही गेला.

आता सांगा, चार-पाच वर्षं राज्य केलेल्या बाईवर ‘भावांची भर केली’ हा शिक्का बसतो आणि तेवढ्यावर तिचा विषय संपतो. वीस-बावीस वर्षांत वजिराला विष देऊन राज्य वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलाच्या नावानं मात्र इतिहासात सविस्तर प्रकरण असतं. तो वाईट राजा ठरतो, पण राजा ठरतो. ती वाईट राजासुद्धा ठरत नाही. तिला नापास करायलाही कुणी परीक्षेला बसवलेलं नाही.

भावांचं म्हणाल तर त्या काळात जहागिऱ्या कुणाला दिल्या जात? ज्याच्यावर विश्वास त्याला. राजाचे दूधभाऊ, मेहुणे, गुलाम, एकाच गावाहून आलेले, एकाच पंथाचे. दख्खनी दरबारांत एतद्देशीय आणि बाहेरून आलेले यांच्यात कायम ओढाताण, त्यामुळे प्रत्येक कारभारी आपली माणसं गोळा करूनच गादीजवळ टिके. खुंजा हुमायूनचं माहेरचं घराणं आझरबैजानकडचं सांगतात. नवरा गेलेला, मुलगा लहान, तिच्याकडे माणसं कोण होती? भाऊ. पुरुष कारभाऱ्यानं हे केलं की त्याला पक्षबांधणी म्हणायचं आणि बाईनं केलं की माहेरची भर. हे वाक्य लिहिताना मला आपल्याकडच्या घराघरांतली बोलणी ऐकू येतात, पण ते सोडून देऊ.

शिवाय आपल्याला हे सगळं सांगतंय कोण तेही पाहायला हवं. निजामशाहीच्या या काळासाठी दोन मोठे फारसी इतिहासकार हाताशी आहेत. फेरिश्ता अहमदनगरात वाढला, त्याचा बाप मुर्तझाच्या मुलाचा शिक्षक होता, तो स्वतः तरुणपणी मुर्तझाच्या चाकरीत होता, आणि मग १५८९ मध्ये विजापूरला जाऊन त्यानं आदिलशहाच्या आश्रयानं इतिहास लिहिला. दुसरा सय्यद अली तबातबा, तो धाकट्या मुलाच्या, बुऱ्हाणच्या दरबारात बसून लिहीत होता. म्हणजे एक थोरल्या मुलाचं मीठ खाल्लेला आणि दुसरा धाकट्याचं. आईला कैद करणारा राजा चुकला असं यांतलं कोण लिहिणार होतं? तरीही फेरिश्त्यानं रोजच्या दरबाराची नोंद केली, विजापूरवरची चाल नोंदवली. त्याच्या प्रतिकूल साक्षीतूनसुद्धा कामाला बसलेली बाई दिसते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. मराठी मनात राण्यांसाठी ठरलेल्या जागा आहेत. एक घोड्यावरची, हातात तलवार. एक हातात शिवपिंड घेतलेली, घाट आणि धर्मशाळा बांधणारी. एक लेकराला घडवणारी माता. आणि चौथी कैकेयी. या चारांत बसली नाही तर राणीला आपल्याकडे जागा नाही. अहिल्याबाईंचंच पाहा. त्यांनी तीस वर्षं जमाखर्च, न्याय, फौज, पत्रव्यवहार सांभाळला, पण आपल्याला त्या आठवतात त्या पांढऱ्या वस्त्रातल्या, पिंड हातात घेतलेल्या. त्यांची राजकीय पत्रं किती जणांनी वाचलीत? कैकेयीच्या जागेवर तर आपण कुणालाही बसवतो. नारायणरावाच्या खुनाचा ठपका रामशास्त्र्यांनी ठेवला राघोबादादावर, पण ‘ध चा मा’ ही म्हण चिकटली आनंदीबाईला, आणि तीही आख्यायिकेवरून. सोयराबाईंना नाटकांनी काय करून ठेवलंय ते सांगायला नको.

खुंजा हुमायून यांपैकी कशातच बसत नाही, आणि म्हणूनच ती मला हवी आहे. ती शूर होती का? खंजीर उपसला, पण हरली. दानशूर होती का? तिच्या नावाची एखादी मोठी वास्तू कुणी दाखवत नाही. पोर घडवलं म्हणावं तर पोरानंच तिला कोंडलं. कैकेयी म्हणावं तर तिनं कुणाच्या पोराला वनवासात धाडलं नाही, स्वतःच्याच मुलाच्या नावानं राज्य केलं. ती नुसती कारभार करणारी बाई होती. काही बरोबर केलं, काही चुकलं, शेवटी सत्तेची लढाई हरली. पुरुष राज्यकर्त्यांपैकी नव्वद टक्के असेच असतात आणि त्यांच्या नावांच्या वंशावळ्या आपण पाठ करतो.

चांदबिबीचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. १५९५-९६ मध्ये मुघल शहजादा मुरादनं अहमदनगरला वेढा घातला, सुरुंगानं तट उडवला, आणि चांदबिबी खिंडाराशी स्वतः उभी राहून रात्रीत भिंत उभी करवून घेते, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. ते खरंच मोठं काम. पण तीच चांदबिबी त्याआधी विजापुरात अल्पवयीन इब्राहिम आदिलशहाच्या वतीनं कारभार करत होती, आणि तिथल्या एका कारभाऱ्यानं तिला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबलं होतं, हे किती जणांना माहीत असतं? आईचं जे झालं तेच लेकीचंही एकदा झालं होतं. आणि १६०० मध्ये ती मारली गेली ती मुघलांच्या हातून नव्हे. आता तह करावा, किल्ला देऊन माणसं वाचवावीत, या मतावर ती आली म्हणून तिच्याच लोकांनी तिला मारलं. खिंडारातली चांदबिबी आपण उचलली, तहाचा विचार करणारी ठेवून दिली. तलवार चालते, हिशेब चालत नाही.

आठवण अशी एकाच नावावर गोळा झाली की पुढे गमतीजमती होतात. नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली, ओकीबोकी दगडी इमारत दुरून दिसत राहते. सगळा जिल्हा तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. सहली जातात, फोटो निघतात. ती आहे सलाबतखानाची कबर. हा सलाबतखान मुर्तझाचा वजीर, राजा कोंडून घेऊन बसला होता त्या वर्षांत राज्य ओढणारा माणूस. ज्या बाईचा तिथं काही संबंध नाही तिच्या नावावर अख्खी इमारत, आणि जिनं राज्य केलं तिच्या नावावर शहरात एक पाटीसुद्धा नाही. यात चांदबिबीचा दोष नाही, सलाबतखानाचा तर नाहीच. त्याला स्वतःच्या कबरीचंही नाव मिळालेलं नाही.

याला नेहमीचा एक आक्षेप येतो, तो बाजूला सारून चालणार नाही. ही मंडळी परकी, त्यांचा दरबार फारसी, त्यांच्या राण्यांचं आम्हाला काय? पण निजामशाही काढणाऱ्या अहमदचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घरातला, हे फेरिश्ताच सांगतो. गावोगावचा वसूल आणि दप्तर मराठी माणसं सांभाळत. मालोजी आणि शहाजी भोसले याच राज्याच्या चाकरीत वाढले. शिवनेरी या राज्याचा किल्ला. शिवाजी महाराजांच्या आधीचं शतक समजून घ्यायचं तर निजामशाही टाळून जाता येत नाही, आणि निजामशाही घेतली तर फक्त पुरुष घेऊन चालत नाही. खुंजा हुमायून माहेरची आझरबैजानची असेल, पण ती राज्य इथल्या गावांवर करत होती. धारूरचा शेतकरी सारा कुणाला भरतोय हे तिच्या निर्णयांवर ठरत होतं. अभिमान बाळगा असं मी म्हणतच नाही. जे घडलं ते माहीत असावं एवढीच अपेक्षा आहे, आणि ती अभिमानापेक्षा अवघड दिसतेय.

दुसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांचा. हिला पुढे आणायचं तर नायिका म्हणूनच आणा, नाहीतर टिकाव लागणार नाही. मालिका, पुतळा, जयंती. मला याची भीती जास्त वाटते. उद्या कुणी तिच्या हातात तलवार देऊन पोस्टर काढेल, खंजिराचा प्रसंग दहा मिनिटांचा करेल, आणि मुल्ला इनायतुल्ला, भावांच्या जहागिऱ्या, धारूरची चूक हे सगळं कापून टाकेल. पुसायची ही दुसरी तऱ्हा झाली.

मग करायचं काय? थोडंच, पण नेमकं. सातवीच्या वर्गात मध्ययुगीन इतिहास शिकवतात, तिथं तालिकोटच्या लढाईनंतर एक परिच्छेद तिच्यावर यावा. दिलेल्या नेमणुका, केलेल्या मोहिमा, धारूरचं अपयश, कैद. आणि मग मुलांना विचारावं की हिचा कारभार तुम्हाला कसा वाटला, मुर्तझाशी तुलना करून सांगा. सातवीतली मुलं हे करू शकतात. आपणच त्यांना ‘थोरवी विशद करा’ यापलीकडे काही विचारत नाही. शेजारी ते चित्र छापावं, डागासकट. आजच्या तंत्रानं खालचा रंग शोधून राणीचा चेहरा परत काढता येईल असं कुणीतरी सुचवेलच. अभ्यासासाठी जरूर काढावा, पण छापताना डाग तसाच ठेवावा. चेहऱ्यापेक्षा त्या डागात जास्त इतिहास आहे.

शाह डोंगरावरच्या त्या इमारतीपाशी कबर कुणाची हे मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहावं, आणि त्याच फलकावर त्या वजिराच्या राजाची आई कोण होती याला चार ओळी द्याव्यात. जिल्ह्याच्या नव्या नावाचा काही उपयोग करायचा असेल तर तो असा करता येईल: अहिल्यानगरच्या वस्तुसंग्रहालयात एक दालन जिल्ह्यातल्या राज्यकर्त्या स्त्रियांचं करावं, आणि त्यात काशीच्या घाटांच्या फोटोंऐवजी अहिल्याबाईंची पत्रं, चांदबिबीच्या तहाच्या हालचाली आणि खुंजा हुमायूनच्या नेमणुका लावाव्यात. हस्तलिखित पुण्यातून हलवायची गरज नाही, चांगली प्रत पुरे. मंडळानं १९१० पासून ज्या चिकाटीनं कागद सांभाळले ते पाहता या एका पोथीची डिजिटल प्रत सर्वांना घरबसल्या उघडता यावी, यासाठी सरकारनं मंडळाला पैसे द्यायला काय हरकत आहे? पुतळ्याच्या चौथऱ्याच्या खर्चात होईल.

एक शंका मला विचारली जाईल, की हे सुरू केलं तर थांबणार कुठे? उद्या सोयराबाईंचा कारभार काढाल, येसूबाईंचा काढाल. तर हो, काढायला हवाच. मार्च १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडत असताना राजारामांनी गड सोडून बाहेर पडावं आणि आपण शाहूंना घेऊन मागे राहावं, हा सल्ला येसूबाईंचा. त्यानंतर १७१९ पर्यंत त्या मुघलांच्या कैदेत होत्या. या निर्णयाला आपण त्याग म्हणतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. तो त्याग होताच. पण गादीचे दोन वारस एकाच गडावर ठेवू नयेत, एक तरी मोकळा राहिला पाहिजे, हे त्या वेढ्यात बसून कुणीतरी शांतपणे ठरवलं होतं, आणि पुढची अठरा वर्षं मराठ्यांचं राज्य त्या आखणीवर लढत राहिलं. हंबीरराव किंवा संताजीच्या डावपेचांवर आपण जसे तासन्‌तास वाद घालतो, तसा या निर्णयावर घातलेला मी अजून कुठे ऐकलेला नाही.